डोके दुखत नसताना घ्यायची गोळी

मराठीत अर्धशिशी, उर्दूत दर्द-ए-शकीका. दोन्ही नावांत अर्ध्या डोक्याचे दुखणे आहे, आणि आपल्या घरांत त्यावरचा इलाजही एकच: कपाळाला ओढणी घट्ट बांधायची, खोलीत अंधार करायचा आणि डब्यातली वेदनाशामक गोळी घ्यायची. एखाद्या वेळी हे ठीक आहे. पण महिन्यातले चार किंवा अधिक दिवस असे जात असतील, तर डॉक्टर दुसऱ्या प्रकारच्या गोळीचा विचार करतात. ती रोज घ्यायची असते, डोके दुखत नसतानाही. चालू असलेली कळ ती थांबवत नाही. पुढचे झटके कमी करते. वेदनाशामकाचे उलटे आहे. साधी गोळीसुद्धा महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांच्या वर घेत राहिले, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते.

अडचण येते ती नव्या गोळीच्या नावाशी. आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंना अमिट्रिप्टिलीन लिहून दिले होते. घरी दिराने मोबाइलवर नाव शोधले, ‘डिप्रेशनची गोळी’ असे मोठ्याने वाचून दाखवले, आणि तिसऱ्या दिवशी पाकीट कपाटात गेले. खरे तर या कामाच्या जुन्या गोळ्या बहुतेक दुसऱ्याच आजारांसाठी आल्या. प्रोप्रॅनोलॉल हृदयाची आणि रक्तदाबाची, टोपिरामेट फिट्सची. अर्धशिशीवरचा त्यांचा गुण नंतर लक्षात आला. बाईंच्या मनाचे निदान दिराने करायला नको होते.

“सर्वांत चांगली गोळी कोणती?” असे पालक आम्हाला विचारतात. ते माणसावर ठरते. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल टाळतात. झोप नीट लागत नसेल तर रात्री घ्यायचे अमिट्रिप्टिलीन दोन्ही कामे करते, पण तोंड कोरडे पडते, वजन वाढू शकते. फ्लुनारिझिननेही वजन आणि सुस्ती वाढते, मनाने उदास राहणाऱ्याला ते देत नाहीत. टोपिरामेटने वजन उतरते, बोटांना मुंग्या येतात, आणि काहींना बोलताना ऐन वेळी शब्द सापडत नाही. वर्गात शिकवणाऱ्या बाईला किंवा दहावीच्या मुलीला ही लहान गोष्ट नाही.

सर्वांत जपायचे ते लग्नाच्या वयातल्या मुलींच्या बाबतीत. स्थळे पाहणे सुरू झाले की अर्धशिशी लपवली जाते. दवाखान्यात अम्मी बोलते, मुलगी गप्प बसते, आणि निकाह दोन महिन्यांवर आहे हे डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. व्हॅलप्रोएट नावाची गोळी गरोदरपणात घेतली गेली तर बाळाला जन्मजात व्यंग येण्याचा आणि पुढे त्याच्या बुद्धीची वाढ खुंटण्याचा मोठा धोका असतो. टोपिरामेटही गर्भाला सुरक्षित नाही. म्हणून निकाहची तारीख डॉक्टरांना आधी सांगावी, आणि मूल हवे आहे का, कधी, हेही न लाजता सांगावे. जी आधीच यांपैकी गोळी घेत आहे तिने हे वाचून स्वतःहून ती बंद करू नये. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

रमजानचे शाबानमध्येच विचारून घ्यावे. दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर बसवता येते का? टोपिरामेट घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे लागते, नाहीतर मूतखड्याची भीती. उन्हाळ्यातल्या रोज्यांत याचे काय करायचे? प्रोप्रॅनोलॉल तर एकाएकी सोडूच नये.

आणि धीर हवा. मात्रा लहान सुरू करून हळूहळू वाढवतात, गुण कळायला दोन-तीन महिने लागतात. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी औषध लागू पडले असे डॉक्टर मानतात. हे कळण्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते: डोके दुखले त्या तारखेवर फुली, वेदनाशामक घेतली तर भोवती गोल. पुढच्या खेपेला तेच घडी घालून पर्समध्ये न्यावे.