घाटावर की घाटाखाली

सेवानिवृत्तीचा हुकूम हाती पडला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शिक्षक, तलाठी वा बँकेतील कर्मचारी आयुष्यभराच्या पुंजीतून एकच घर बांधू पाहतो, आणि ते बांधण्यापूर्वी प्रथम सोयऱ्याधायऱ्यांना व अखेरीस आपल्यापैकी एखाद्या स्थापत्य-व्यवसायीला तो एकच प्रश्न विचारतो, की उरलेले आयुष्य घाटावर काढावे की घाटाखाली. विलायतेत बिऱ्हाड हलवू पाहणारी कुटुंबे समुद्रकिनारा बरा की आतला खेड्यांचा मुलूख बरा, याचा खल करतात. समुद्रापासून शंभर कोसांहून दूर असलेल्या आपल्या जिल्ह्यात तोच खल अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या वरच्या व खालच्या अंगांविषयी होतो.

हा भेद जुना आहे. वऱ्हाडचे बालाघाट व पायनघाट असे दोन भाग जुन्या दप्तरांतही मानलेले आहेत. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याची कचेरी सुमारे 2,190 फूट उंचीवरील थंड हवेच्या बुलढाण्यास स्थिरावली. परंतु मलकापूर, नांदुरा, शेगाव ही लोहमार्गावरील गावे खाली राहिली, आणि कापसाच्या पेठेसाठी 1870 मध्ये जलंबहून निघालेली शाखाही खामगावापर्यंतच आली. कचेरी वर आणि बाजार खाली, ही वाटणी अद्याप लोकांच्या मनात कायम असून, जागा निवडताना हवा, रेल्वे, सोयरीक आणि प्लॉटचा भाव एवढ्याच गोष्टींचा विचार होतो. माती आणि पाणी यांचा विचार घरमालक करीत नाही, हे समजण्यासारखे आहे; तो आपणही करीत नाही, हे मात्र क्षम्य नाही.

घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच इमारतीला जाचते. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात हात जाईल अशा भेगा टाकते, आणि तिच्या या वार्षिक उठबशीत उथळ पायावरील भिंत दरवाजाच्या कोपऱ्यापासून तिरपी चिरत जाते. पूर्वजांनी शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी असा जो दंडक पाळला, त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले होते. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींची धाब्याची घरे कित्येक गावठाणांत अजून उभी आहेत. आता गावठाण अपुरे पडून अकृषिक परवान्याने वस्ती काळीत शिरली आहे, आणि चिखलीस मुरुमावर जो नकाशा चालतो तोच आपण जलंबला काळ्या मातीवर बिनदिक्कत उतरवतो. 1976 च्या अवर्षणात दक्षिण इंग्लंडात चिकणमातीवरची असंख्य घरे अशीच भेगाळली. म्हणजे हा केवळ आपल्याच मुलखाचा भोग नव्हे. उपायही अज्ञात नाही. खोल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर उतरणारे, तळाशी कांद्यासारखे फुगलेले खांब-पाये आणि जमिनीला न टेकणारी जोत्याची तुळई, ही पद्धत आपल्या मानक संहितेत कित्येक वर्षे नमूद आहे.

त्याहून गंभीर प्रकरण पाण्याचे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांचा मोठा भाग येतो, आणि तेथील भूजलातील क्षार पूर्णेच्या गाळातच मुरलेले असल्यामुळे कूपनलिका अधिक खोल नेऊन गोडे पाणी लागेल ही आशा बहुधा फोल ठरते. पिण्यासाठी वान प्रकल्पाच्या जलाशयातून नळाने पाणी आणण्याची तजवीज झाली, तिचे मोल मोठे आहे; परंतु बांधकामावर ठेकेदार जवळच्या कूपनलिकेचेच पाणी वापरतो, त्यातच काँक्रीट कालवतो आणि तेच पाणी पुढे पंधरवडाभर मारतो. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे संहिता सांगते. ही मर्यादा ओलांडली की रत्नागिरीच्या किनाऱ्यावर सळईला जो गंज चढतो तोच शेगावात आतून चढतो, भिंतीला लोणा धरतो आणि स्लॅबचे पापुद्रे घरमालकाच्या डोळ्यांदेखत गळू लागतात. किनाऱ्यावरचा माणूस निदान समुद्र पाहून सावध असतो. येथे घरमालकाला सावध करणारे आपल्यावाचून कोणी नाही.

घाटावरची अडचण निराळी आहे. तेथे मुरूम व कातळ लवकर लागतो, पाया स्वस्तात होतो, रात्री सुसह्य असतात. परंतु विहिरीचे पाणी कातळाच्या फटींवर अवलंबून असल्याने, पैनगंगा बुलढाण्यानजीकच उगम पावत असूनही, चैत्र सरता सरता टँकरची वाट पाहावी लागते. म्हातारपणी रेल्वे गाठायची तर राजूरचा किंवा बोथ्याचा घाट उतरणे आलेच. शिवाय नदीकाठच्या सखल भागांत घाटावरही काळी जमीन आहे, हे विसरता कामा नये.

आमचे मत विचाराल तर, ज्या वृद्ध दांपत्याची शेती वा मुलांची उपजीविका खाली गुंतलेली नाही, त्याने घाटावर जावे. मात्र शेजारची विहीर वैशाखात स्वतः पाहून, आणि छपराचे पाणी साठविण्याच्या टाकीचा खर्च अंदाजपत्रकात धरून. ज्याचे सर्वस्व खाली आहे त्याने निःशंक खाली राहावे, परंतु एक खोली कमी करून तो पैसा पायात घालावा आणि बांधकामाला गोडेच पाणी आणवावे.

पण निवडीचा अधिकारच ज्यांना नाही, त्यांचे काय? जिगाव प्रकल्पामुळे पूर्णाकाठची जी गावे उठत आहेत त्यांची पांढरी पाण्याखाली जाणार आणि नवी गावठाणे शेतजमिनीवर वसणार. तेथील कुटुंबाला मोबदल्याची रक्कम एकदाच मिळते, आणि ती चुकीच्या पायात गेली तर दुसरे घर बांधण्याची ऐपत त्याच्यात उरत नाही. अशा घराचा नकाशा काढताना आपली जबाबदारी कोणत्याही बंगल्याच्या कामाहून अधिक आहे.

म्हणून व्यवसायबंधूंना आमची आग्रहाची विनंती आहे, की घाटावर असो वा घाटाखाली, चाचणीचा खड्डा खणल्याशिवाय आणि बांधकामाच्या पाण्याचा प्रयोगशाळेतील दाखला पाहिल्याशिवाय कोणत्याही निवासी नकाशावर सही करू नये. या दोन्हींचा खर्च घराच्या एकंदर खर्चापुढे नगण्य आहे. पुनर्वसित कुटुंबांच्या बाबतीत तो आपल्या मेहनतान्यातूनच सोसावा.