बिनमाळ्याची बाग

बाग पाहायची म्हणून कुणी बीड जिल्ह्यातल्या किल्ले धारूरला जात नाही. जावं, असं माझं मत आहे. बालाघाटाच्या तुटलेल्या कड्यावर आदिलशाही सरदार किश्वरखानानं 1567 मध्ये हा किल्ला उभारला. तीन बाजूंना दरी, त्यामुळे खंदक खोदावा लागला तो गावाच्या बाजूला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि 1631 मध्ये, ऐन दुष्काळात, मुघलांनी घेतला. त्यांनी ठेवलेलं फतेहाबाद हे नाव नाण्यांवर उरलं, लोकांच्या तोंडी धारूरच राहिलं. आत पाण्याचे हौद आहेत. शाही फुलबाग असलीच तर आज तिचा मागमूस नाही. पण तटावरून खाली बघा: उतारच्या उतार सीताफळीचे. ना आळी, ना पाणी, ना माळी. हे झाड मुळात अमेरिका खंडातलं, पण बीडच्या मुरमाड जमिनीत असं रुजलं, की 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा बेत पावसाळा सरल्यावर, फळांचे डोळे उघडू लागले की आखावा. आणि तटाजवळ जपून, चिरे निखळलेत.