पंखा आहे, पण गरम हवेला वाट कुठे?

उसाचा हंगाम आटोपून बीड जिल्ह्यातली तोडणी कामगार कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात आणि वर्षातले सर्वांत तापलेले दिवस पत्र्याखाली काढतात. वस्तीत आरोग्याचं काम करताना आम्हाला एकच तक्रार ऐकू येते, "सिस्टर, पंखा रात्रभर चालू असतो, पण झोप लागत नाही."

दोष पंख्याचा नाही. छताचा पंखा हवा थंड करत नाही, कोंडलेली हवाच फिरवतो. घामाला वारा लागून अंग गार होतं, एवढंच. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली तर पंख्याचा वारा उलट अंग तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला नाही, तर हृदय आणि किडनीवरचा ताण उतरत नाही. गरोदर बाई, म्हातारी माणसं, तान्ही लेकरं आणि बीपी-शुगरचे रुग्ण यांना याचा सर्वांत जास्त धोका असतो.

म्हणून आमचं म्हणणं आहे : दुसरा पंखा घेण्याआधी गरम हवेला बाहेर जायची वाट करा.

अमेरिकेत काही घरांच्या माळ्याखाली एक मोठा पंखा बसवतात. संध्याकाळी खिडक्या उघडून तो लावला की बाहेरची गार हवा आत येते आणि आतली गरम हवा माळ्यावाटे निघून जाते. आपल्या एका खोलीत हेच काम बारा इंची एक्झॉस्ट फॅन करू शकतो. गरम हवा वर चढते, म्हणून तो पत्र्याखाली जमेल तेवढा उंच बसवा. समोरच्या भिंतीत खालच्या बाजूला खिडकी हवीच. हवा आत यायला जागा नसेल तर पंखा ओढणार काय? रात्री खिडकी उघडी कशी ठेवायची, ही बायांची काळजी खरी आहे. त्यासाठी खिडकीला मजबूत गज आणि डासांची जाळी बसवा. नियम साधा आहे : बाहेरपेक्षा घर गरम वाटलं की पंखा लावा, बाहेर जास्त गरम असेल तर बंद ठेवा.

दोन गोष्टी जपा. चूल पेटलेली असताना दार-खिडकी बंद करून हा पंखा लावू नका, धूर घरातच ओढला जाईल. आणि उघडी वायर पत्र्याला टेकू देऊ नका. वायर प्लास्टिकच्या पाइपातून न्या, अर्थिंग करून घ्या. पत्र्यात करंट उतरला तर जीव जातो.

पण सगळा भार घरातल्या बाईच्या पैशावर का? गोदामांच्या पत्र्यावर वाऱ्याने गरगर फिरणाऱ्या गोल टोप्या आपण पाहतो. त्या विजेशिवाय गरम हवा बाहेर काढतात. मालासाठी ही सोय होते, माणसासाठी का नाही? रमाई आवास योजनेतलं घरकुल २६९ चौरस फुटांचं. एवढ्याशा घरात समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोका नसेल, तर ती भट्टीच होते. पाया खोदण्याआधीच इंजिनिअरकडे हे मागा, ग्रामसभेत ठराव घ्या. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेचा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी रंगवली. आपल्या नगरपालिकांनाही हे जमेल, पण मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

तोवर दुपारी आपलं विहार उघडं ठेवा, पाण्याचे माठ भरा. कुणी बरळू लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, शुद्ध हरपली, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका.

उष्माघाताला नशीब म्हणू नका. घराला झरोका नसणं हे नशीब नाही, ती बांधकामातली उणीव आहे आणि ती भरून काढता येते.