जुन्या फियाटला भाता जोडावा काय?

यंदा मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतून जवळजवळ एकच प्रश्न आला आहे. घरी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या नातलगाकडून आलेली, वडिलांच्या जिवाची, लग्नकार्याला आणि देवदर्शनाला अजून निघते. माळशेज घाट लागला की मात्र धापा टाकते. मुलगा मोबाइलवर बघून म्हणतो, ‘‘बाबा, हिला सुपरचार्जर बसवू. ठाण्यात एक जण लावून देतो.’’ बसवावा का?

माझे मत आधीच सांगून टाकतो. बसवू नये. पण नुसते ‘नको’ म्हटले तर तरुण पोरगा ऐकणार नाही, आणि त्याने ऐकूही नये. कारण कळले पाहिजे.

लोहाराच्या भट्टीला भाता असतो. कोळसा तोच, पण भाता हलला की विस्तव पांढरा होतो. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाचा भाता. इंजिनाच्याच पट्ट्यावर तो फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबतो. हाच भाता सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर फिरवला की त्याला टर्बो म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या रूट्स बंधूंनी १८६० साली अशा भात्याचे पेटंट घेतले, तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. तो भट्ट्यांना हवा पुरवत असे.

आता आपल्या गाडीचा हिशोब. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. चार स्ट्रोकचे असल्यामुळे दोन फेऱ्यांत ते एकदा पूर्ण श्वास घेते, म्हणजे सुमारे एक लिटर. मिनिटाला चार हजार फेऱ्या धरल्या तर दोन हजार लिटरहून थोडी जास्त हवा. प्रत्यक्षात नळ्या, व्हाल्व्ह, फिल्टर यांच्या अडथळ्यामुळे त्याहून कमीच पोचते. या श्वासावर ते चाळीसच्या आसपास अश्वशक्ती देते. मुलगा इथेच बोट ठेवतो. हल्लीच्या हजार सीसीच्या टर्बो गाड्या शंभर अश्वशक्ती देतात, मग आपल्या अकराशेतून का निघू नये?

प्रश्न चोख आहे. त्याचे उत्तर नुसत्या भात्यात सापडत नाही. त्या नव्या गाडीचा पिस्टन, कनेक्टिंग रॉड, तेलाची वाट, पाण्याची वाट हे सारे शंभर अश्वशक्ती धरूनच आखलेले असते. वर एक संगणक असतो. इंजिनात खटखट सुरू झाली की त्याला क्षणात कळते, आणि तो ठिणगी मागे सरकवतो. पद्मिनीत ठिणगीचा कारभार डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटवर आणि पेट्रोलचा कारभार कार्ब्युरेटरच्या जेटवर चालतो. दोघेही इमानी, पण दोघांनाही जास्तीच्या हवेची खबर लागत नाही.

खबर न लागल्याने काय होते? सायकलला हवा भरताना पंपाचा तळ हाताला चटका देतो हे प्रत्येकाने अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दीडपट दाबावर नेली तर भाता कितीही चांगला असो, ती ६५ अंशांच्या वर जाते. रूट्स पद्धतीच्या भात्यात तर पुष्कळच वर. तापलेली हवा विरळ होते, म्हणून दाब दीडपट झाला तरी हवा दीडपट मिळत नाही. त्यातून पट्टा इंजिनाचीच काही शक्ती खातो. उरलेला नफा पदरात पडतो खरा, पण ते तापलेले मिश्रण सिलिंडरमध्ये आणखी दाबले जाते आणि ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात आपोआप पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर हातोडीचे घाव बसावेत तसे ते असते. पेट्रोल हवेच्या मानाने कमी पडत असेल तर उष्णता आणखी वाढते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात फळीवर ठेवलेला असा एक पिस्टन मी पाहिला आहे. मधोमध रुपयाएवढे भोक, कडा मेणासारख्या वितळलेल्या.

‘ट्रॅक्टरला टर्बो चालतो, मग गाडीला का नाही?’ असेही एकाने विचारले आहे. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, तेल मागून फवारले जाते. त्यामुळे वेळेआधी पेटायला तिथे काही नसतेच. शिवाय त्या इंजिनाचा सांगाडा मुळात दणकट. पेट्रोलची गोष्ट निराळी.

आता माळशेज. उंचीमुळे हवा विरळ होते म्हणून गाडी दमते, असे मुलगा म्हणत असेल तर ते अर्धेच खरे. हजार मीटर चढल्यावर हवेचा दाब ढोबळमानाने दहा-बारा टक्के घटतो. माळशेजचा माथा सातशे मीटरच्या आसपास. म्हणजे सात-आठ टक्क्यांचा घाटा. हिमालयातल्या खिंडीत भात्याची गरज समजू शकते, सह्याद्रीत एवढ्याने गाडी धापा टाकत नाही. तिचा श्वास दुसरीकडे हरवला आहे. तो कुठे, हे शोधायला अर्धा-पाऊण तास लागतो.

कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, कुठल्याही बऱ्या गॅरेजात कॉम्प्रेशन गेज असते. इंजिन गरम करावे, इग्निशनची वायर काढावी, चारही प्लग काढावेत, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि एकेका सिलिंडरचा दाब घ्यावा. चारही आकडे तिथेच वहीत लिहून घ्या. मेकॅनिकच्या तोंडी ‘ठीक आहे’वर भागवू नका. सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आकड्यात दहा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर पाणी मुरते आहे. मग कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा दाब घ्यावा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत. चढला नाही तर व्हाल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मिळून खाली असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. अशा गळक्या इंजिनाला भाता जोडणे म्हणजे फुटक्या पाटाला जास्त अश्वशक्तीचा पंप लावणे. वरून दाबलेली हवा झिजलेल्या रिंगांवाटे खाली तेलाच्या टाकीत जाते आणि तेलाची वाट लावते.

आकडे बरे आले तर पुढे पाहा. आपल्याकडे रस्त्याची माती आणि मळणीतला भुसकट धरून एअर फिल्टर किती लवकर बसतो हे शहरातल्या माणसाला माहीत नसते. त्याचे सहा महिन्यांचे गणित आपल्याला लागू नाही. टॅपेट, पॉइंटमधले अंतर, ठिणगीचे टायमिंग, कार्ब्युरेटरचे जेट हे एका बैठकीत लावून घ्यावे. चाकाचा ब्रेक चिकटून तर राहत नाही ना, तेही पाहा. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवले की कळते. घाटात इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी वेग घेत नाही, असे होत असेल तर दोष क्लच प्लेटचा, इंजिन बिचारे निर्दोष. यातले कितीतरी काम थोडक्या पैशात होते. खर्चाची वही घरात ज्या माउलीच्या हाती असेल तिने हा परिच्छेद मेकॅनिकला दाखवावा आणि आधी याचाच अंदाज मागावा.

पैसे उरलेच तर ते ब्रेकवर घाला. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. घाट उतरताना ते तापतात आणि पेडल दाबूनही पकड सैल पडते. ज्या गाडीला चाळीस अश्वशक्ती थांबवताना घाम फुटतो तिला साठ देऊन मुलाबाळांना मागे बसवायचे, हा विचार मला तरी झोप लागू देत नाही.

कायद्याची बाजूही कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा असा बदल नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी पुस्तकात नोंद करता येते; घरगुती सुपरचार्जर त्यात बसत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, तेव्हा गाडी ठाण्याच्या नाही तर कल्याणच्या आरटीओपुढे उभी राहतेच. आणि विम्याचे काय? न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला तर नुकसानभरपाई नाकारायला कंपनीला आयतेच निमित्त मिळते.

या गाडीवर जीव असणे मला समजते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट अकराशे डिलाइट निघू लागली, आणि तीच पुढे १९७४ च्या सुमारास पद्मिनी झाली. याच कंपनीच्या कल्याण-शीळ रस्त्यावरच्या कारखान्यात १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ बनत असे. आज त्या बाजूला टोलेजंग इमारती आहेत. पद्मिनीची शेवटची टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. म्हणजे जी आहे ती मोडली तर तसे इंजिन सहज मिळायचे नाही.

मुलाला यंत्राचा नाद असेल तर तो मारू नका. भंगारातून एखादे जुने इंजिन आणून पडवीत खोलू द्या, रिंगा मोजू द्या, हेड घासू द्या. आणि घरच्या गाडीच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या त्याच्याकडून याच आठवड्यात तपासून घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते. ते आपल्याच उसातले असले तरी जुन्या रबराला मानवत नाही. नळी फुगली, चिकट झाली किंवा तडकली असेल तर इथेनॉल सोसणारी नवी घाला, आणि ती बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.