लॉर्ड आत की बाहेर?

टीम जाहीर झाली की आमच्या डब्यात पहिला प्रश्न ठरलेला. ‘आपला आहे का गं?’

आपला म्हणजे शार्दूल ठाकूर. आडनाव लावायची आमच्याकडे पद्धत नाही. बाकीच्या देशासाठी तो ‘लॉर्ड’ असेल, डहाणू ते विरार या पट्ट्यात तो नुसता ‘आपला’. टीममध्ये असला तर ‘प्लेइंग इलेव्हनमध्ये घेतील का?’ यावर भांडण. नसला तर निवड समितीची काही धडगत नाही.

आणि हे भांडण जेन्ट्समध्ये नाही हं! डहाणूहून चर्चगेटला जाणाऱ्या सकाळच्या लोकलचा लेडीज सेकंड क्लास. बोईसरलाच डबा निम्मा भरलेला असतो. पालघरला मी चढते तेव्हा समितीची मीटिंग सुरू झालेली असते. बोईसरची बँकवाली ताई चेअरमन. वाणगावच्या टीचर, उमरोळीची नर्स आणि पालघरची सीए करणारी मुलगी हे सदस्य. मी पत्रकार, म्हणून ‘आतली बातमी काय?’ हा प्रश्न माझ्यासाठी राखीव. मी शूज आणि कॅफेंवर लिहिते, हे त्यांना कितीदा सांगायचं?

२०२५ च्या इंग्लंड दौऱ्यातली लीड्सची टेस्ट झाली, तेव्हाची मीटिंग मी विसरणार नाही.

सीएवालीनं ताळेबंदच मांडला. ‘ब्रिस्बेन, जानेवारी २०२१. १८६ वर ६ गेलेले. आपल्यानं ६७ मारले, वॉशिंग्टन सुंदरबरोबर १२३ ची पार्टनरशिप, वर मॅचमध्ये ७ विकेट. त्याच वर्षी ओव्हलला दोन्ही डावांत फिफ्टी. २०२२ ला जोहान्सबर्गला एका डावात ६१ रन्समध्ये ७ विकेट. माणसानं अजून काय करायचं?’

‘जोहान्सबर्ग आपण हरलो,’ नर्स म्हणाली.

‘त्याच्यामुळे?’

‘तसं नाही गं. पण २०२३ चा वर्ल्ड कप आठव. हा बाहेर गेला, शमी आत आला आणि आल्या आल्या न्यूझीलंडच्या पाच विकेट काढल्या.’

बॉस, यावर सफाळ्यापर्यंत कुणी बोललं नाही.

मग टीचरनी तोंड उघडलं. ‘मला एवढंच कळत नाही, लीड्सला त्याला घेतलं कशाला? दोन्ही डाव मिळून १६ ओव्हर दिल्या. त्यातही त्यानं डकेट आणि ब्रूकला लागोपाठच्या दोन बॉलवर काढलं. आणि पुढच्या टेस्टला बाहेर!’

बँकवाल्या ताईंनी निकाल दिला. ‘आमच्या ब्रँचमध्ये पण असंच असतं. माणूस घ्यायचा, काम द्यायचं नाही आणि अप्रेझलला विचारायचं, वर्षभरात काय केलंत?’

सगळा डबा हसला. तुम्ही पण हसलात ना? कारण तुमच्या ऑफिसातही एक शार्दूल असतो. कदाचित तुम्हीच.

खरं सांगू? त्याचं अख्खं करिअरच ‘आत की बाहेर’ या एका प्रश्नावर चाललंय. २०१६ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर टेस्ट टीममध्ये नाव आलं, पण कॅप नाही मिळाली. २०१७ ला श्रीलंकेत वनडे खेळला तर पाठीवर १० नंबर बघून सचिनभक्त तुटून पडले. पुढे त्यानं ५४ घेतला. ऑक्टोबर २०१८ ला हैदराबादला टेस्ट कॅप मिळाली आणि १० बॉल टाकून दुखापतीनं बाहेर. पुढची टेस्ट थेट ब्रिस्बेनची! नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात तर कुणी बोलीच लावली नाही. मार्च २०२५ मध्ये लखनौचा एक बोलर जखमी झाला, त्याच्या जागी हा गेला आणि दुसऱ्याच मॅचला चार विकेट. आणि २०२५-२६ च्या रणजी हंगामासाठी मुंबईनं त्याला कॅप्टन केलं. आहे की नाही आमच्या गाडीसारखं? रखडते, पण येते.

गाडीवरून आठवलं. शार्दूल माहीमचा. दादरजवळचं नाही, केळव्याशेजारचं माहीम, पालघर तालुक्यातलं. मुंबईत ‘माहीमला राहते’ म्हटलं की लोकांना हेवा वाटतो आणि पुढे ‘पालघरचं माहीम’ म्हटलं की दया येते, हा माझ्या मावशीचा नेहमीचा अनुभव. या माहीमच्या शेतकरी घरातला पोरगा किट बॅग घेऊन मुंबईला प्रॅक्टिसला जायचा. पालघरहून चर्चगेट नव्वद किलोमीटरच्या आसपास, एका बाजूनं दोन तास धरा. तेव्हा डहाणूपर्यंत लोकलही नव्हती, ती आली एप्रिल २०१३ मध्ये. त्याआधी शटल, मेमू आणि एक्स्प्रेसचा जनरल डबा. त्या डब्यात किट बॅग घेऊन चढून बघा एकदा. रॅकवर ती मावत नाही, खाली ठेवली तर शिव्या, दारात ठेवली तर जास्त शिव्या.

आमच्याकडे अजून रंगवून सांगतात ती गोष्ट २०१८ ची. दक्षिण आफ्रिकेचा दौरा संपवून शार्दूल विमानानं मुंबईत उतरला आणि अंधेरीला लोकल पकडून पालघरला घरी आला. डब्यातल्या लोकांचा विश्वास बसेना, म्हणून मोबाइलवर फोटो शोधून चेहरा ताडून बघितला! त्या डब्यात आपण होतो असं सांगणारी निदान पंधरा माणसं मला भेटलीत. डबा बराच मोठा असावा.

पण हा कॉलम शार्दूलवर नाही. तो आहे त्याच्या सगळ्यात कडक टीकाकारावर. माझ्या मावसभावावर.

दादा बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. एमआयडीसी म्हणजे तुम्हाला केमिकलचा वास आणि पलीकडे अणुवीज केंद्र एवढंच माहीत असेल. आम्हाला माहीत आहे ते तिथलं कॅन्टीन आणि नाक्यावरची टपरी, जिथे नाइट शिफ्ट सुटल्यावर सात वाजता टीम सिलेक्शनचा दुसरा राउंड चालतो. तिथे सगळे शार्दूलच्या बाजूनं. एकटा दादा विरोधात. ‘लाइन बघा ना जरा! पाच बॉल चांगले आणि सहावा गिफ्ट. इकॉनॉमी कोण बघणार?’ लोक वैतागतात. ‘अरे, गावचा पोरगा आहे!’ दादा म्हणतो, ‘म्हणूनच बोलतोय.’

दादा पूर्वी बोलर होता. कसला? फास्ट. शिवारात भात कापून झालं की खाचरात पिच मारून टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, त्यातला हिरो. आमच्याकडच्या बऱ्याच स्पर्धांना ‘एक गाव, एक संघ’ असा नियम असतो. बाहेरचा भाडोत्री खेळाडू घ्यायचा नाही, संशय आला तर आधार कार्ड काढायला लावतात. त्या नियमात दादा राजा होता, कारण गावात त्याच्याएवढा फास्ट दुसरा नव्हताच. मग कुणीतरी म्हणालं, याला सीझन बॉल खेळवा. मुंबईतल्या एका क्लबात नेट मिळालं. पहाटे साडेतीनला उठायचं, रात्री दहाला घरी. दोन सीझन केलं त्यानं हे.

मग एके दिवशी अलार्म वाजला आणि दादा उठला नाही. एवढंच. दुखापत नाही, कुणी काढलं नाही, राजकारण नाही. पुढच्या महिन्यात एमआयडीसीत चिकटला.

मला वाटायचं, दादा जळतो. सोपं उत्तर आहे ना! ब्रिस्बेनच्या त्या रविवारी, १७ जानेवारी २०२१ ला, मी बोईसरला त्यांच्याकडे होते. दादा नाइट करून आलेला, झोपायचं सोडून टीव्हीसमोर. शार्दूलनं कमिन्सला सिक्स मारून खातं उघडलं. दादा गप्प. चाळीस झाले, गप्प. पन्नास झाले, तेव्हाही सिक्सच. वहिनी नाचायला लागली. दादा उठून बाल्कनीत गेला. मी मागून गेले तर म्हणाला, ‘लाड सरांनी त्याला घरी ठेवला होता, माहितीये?’

माहीत होतं. बोईसरच्या शाळेकडून खेळताना शार्दूल दिनेश लाड सरांच्या नजरेत भरला. हे लाड सर म्हणजे रोहित शर्माचे कोच, २०२२ मध्ये ज्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला ते. त्यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या शाळेत यायला सांगितलं. रोजचा एवढा प्रवास पोराला झेपणार कसा, म्हणून घरचे तयार नव्हते. तेव्हा सरांनी त्याला स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. पुढे त्याच शाळेकडून त्यानं हॅरिस शील्डमध्ये एका ओव्हरला सहा सिक्स मारले.

‘ते एक वर्ष त्याला गाडी नव्हती,’ दादा म्हणाला. ‘मी त्याच्याएवढा चांगला नव्हतो गं. मुळीच नव्हतो. पण मला ते कधी नीट कळलंच नाही. त्याच्या आधीच झोप आली.’

त्या दिवसापासून दादाची टीका मला वेगळी ऐकू येते. टपरीवरच्या बाकी लोकांना शार्दूल टीममध्ये हवाय, कारण तो आपला आहे. दादाला तो चांगला बोलर म्हणून हवाय. ‘पालघरहून आला’ या कौतुकात त्याचा सहावा बॉल माफ होऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. जो खरंच आपला, त्याला आपण सवलत का द्यावी?

तुम्ही म्हणाल, मग यात नवीन काय? नवीन आहे दादाची मुलगी. वय वर्षं बारा, हात डावा, बोलिंग फास्ट. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला आणि दुसऱ्या दिवशी हिनं घरात जाहीर केलं की बोरिवलीकडच्या एका कॅम्पला जायचंय. शनिवार-रविवार. वहिनी तयार, आजी तयार. दादा नाही. ‘गाडीत मरायचंय का? इथेच खेळ.’ पोरगी रडली, जेवली नाही, दादा शिफ्टला निघून गेला. चार दिवस घरात हेच. लॉर्डला आत घ्या की बाहेर काढा यावर तासन्‌तास बोलणारा माणूस या सिलेक्शनवर मात्र तोंड उघडेना.

मी हा विषय आमच्या समितीपुढे ठेवला. अशी मीटिंग आमच्या डब्यात पूर्वी झाली नव्हती. नर्स दादाच्या बाजूनं, ‘बारा वर्षांची आहे, झोप मोडते, अभ्यास बुडतो, खोटं नाही ते.’ टीचर म्हणाल्या, ‘पहिलं वर्ष फक्त शनिवार-रविवार, झेपलं तर पुढचं बघा.’ सीएवालीनं पास आणि फीचा हिशोब काढला. बँकवाल्या ताई विरारपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘तुझ्या भावाला प्रश्न क्रिकेटचा नाहीये. एकट्यानं दारात उभं राहण्याचा आहे. त्याला सांग, दुसरा-चौथा शनिवार सोडून मी असतेच या गाडीला. बोईसरलाच चढते, जागा धरते.’

मी दादाला तसंच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘किट बॅग कुठे ठेवणार?’

मला कळलं, अर्धी मॅच जिंकली.

गेल्या शनिवारी पालघरला गाडी आली तेव्हा बँकवाल्या ताईंच्या शेजारी खिडकीत एक पोरगी डोळे चोळत बसली होती. मला चौथी सीट. किट बॅग आम्हा तिघींच्या पायांवर आडवी आणि समोरची बाई ओरडायच्या बेतात.

‘ही कुणाची बॅग?’

‘आपली आहे,’ ताई म्हणाल्या. ‘फास्ट बोलर आहे. सरका जरा.’

सफाळ्याला दादाचा मेसेज आला. ‘पोचली की फोन कर. आणि कोचला सांग, तिचा सहावा बॉल बघा.’