होडी घेण्याआधी खाडीचं मुख बघा



कोकणातून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, छोटी फायबर होडी घ्यायचीय, सबसिडी किती मिळेल?" प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांसाठी सर्वसाधारण गटाला मंजूर खर्चाच्या ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के असं प्रमाण ठरलेलं आहे. तुम्ही अर्ज कराल तेव्हा काय चालू आहे, ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा.

पण माझ्या मते सबसिडी हा नंतरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की होडी ठेवणार कुठे आणि तिथून समुद्रात जाणार कशी? रत्नागिरीची भाट्ये खाडी घ्या, दापोलीजवळची आंजर्ल्याची खाडी घ्या. आत होडी सुरक्षित असते, पण मुखाशी वाळू आणि गाळ साचलेला. तिथे होड्या रुततात, उलटतात. अशा ठिकाणी तुमच्या धंद्याचे तास तुम्ही ठरवत नाही. ते खाडीचं मुख ठरवतं.

दुकानाचं शटर भरतीच्या हातात

लागोपाठच्या दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशोब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. हा मुंबईकडचा अंदाज आहे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून आपल्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मिळवाच.

आता हे धंद्याच्या भाषेत वाचा. अष्टमीला सकाळच्या भरतीला बाहेर पडलात आणि संध्याकाळच्या भरतीला आत आलात, तर वेळ अगदी सोयीची. पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही, मुखावर खोली कमी मिळते. अमावस्येला उधाण असतं, पाणी भरपूर, पण दुपारी गेलात तर परत यायला मध्यरात्र. शिवाय उधाणाची ओहोटी जोरात बाहेर ओढते. बाहेर जाणारा ओढ आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट उभी राहते आणि वाळूच्या पट्ट्यावरच फुटते. म्हणून जाणते तांडेल भरती पूर्ण होत आलेली असताना आत येतात, ओहोटी लागल्यावर नाही.

आणखी एक गोष्ट नवा माणूस विसरतो. जाताना होडी हलकी असते आणि येताना मासळी, बर्फ, ओली जाळी यांनी जड झालेली असते. समजा, मुखावर २ मीटर पाणी आहे आणि लाट १ मीटरची आहे. लाटेच्या खळग्यात पाणी दीड मीटरच्या आसपास उरतं. भरलेली होडी पाऊण मीटर बुडत असेल, तर तळाखाली उरलं पाऊण मीटर. लाट थोडी मोठी झाली, गाळ थोडा वाढला, की तेही गेलं. पावसाळ्यात वाळू सरकते, त्यामुळे गेल्या हंगामातली वाट या हंगामात तिथेच असेल असं धरू नका.

कागदावर २५ फेऱ्या, पाण्यावर किती?

होडी विकणारा सांगतो, महिन्याला २५ फेऱ्या आरामात होतात. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. म्हणजे १० महिने, २५० फेऱ्या. आता खराब हवामान, गैरसोयीची भरती, भांगाचे दिवस आणि इंजिनाची दुरुस्ती वजा करा. अवघड मुख असेल तर महिन्याला १५ फेऱ्या धरून गणित करा. वर्षाला १५० होतात.

उदाहरणापुरतं समजा, इंधन, बर्फ आणि खलाशांचा वाटा जाऊन तुमच्या हातात फेरीमागे सरासरी २,००० रुपये राहतात. २५० फेऱ्यांचे ५ लाख, १५० फेऱ्यांचे ३ लाख. बँकेचा हप्ता महिन्याला २०,००० असेल तर वर्षाला २ लाख ४० हजार. हप्ता मात्र बाराही महिने येतो, त्याला पावसाळी बंदी नाही. पहिल्या गणितात २ लाख ६० हजार उरतात, दुसऱ्यात फक्त ६०,०००. जाळी फाटली, इंजिन उघडलं, की ते संपले.

आणि इथेच खरा धोका सुरू होतो. हप्ता थकलेला माणूस मुखाशी उभा राहतो तेव्हा त्याला लाट दिसत नाही, तारीख दिसते. "आज जाऊ या, काही होत नाही," असं तो म्हणतो. आणि होडीत तो एकटा नसतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कर्ज तेवढंच घ्या, की मुखाशी उभं राहून "आज नाही" म्हणता आलं पाहिजे. वाईट वर्षाच्या गणिताच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ता नको. वरच्या उदाहरणात तो वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला १२,५०० होतो. त्यात मोठी होडी बसत नसेल तर छोटी घ्या. छोटी, कमी बुडणारी होडी अवघड मुखातून जास्त दिवस जाऊ शकते. बंदीच्या दोन महिन्यांत हप्ता कमी ठेवता येईल का, हे बँकेला सही करण्याआधी विचारा, नंतर नाही.

"गाळ काढणार आहेत ना, सर!"

काढावाच. मच्छीमार सोसायटीतर्फे मागणी करा, पाठपुरावा करा, तो तुमचा हक्क आहे. पण गाळ उपसा तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहू नका. मुखाला आडोसा नसेल तर समुद्र वाळू पुन्हा आणून टाकतो. जे आज आहे, त्यावर गणित बसवा. उद्या सुधारणा झाली तर तो नफा.

चार गोष्टी आधीच ठरवा

१. जायचं की नाही, हे तांडेल ठरवेल. किनाऱ्यावरून मालकाने फोन करून "लिलाव चुकतोय" असं म्हणायचं नाही.

२. वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला न गेलेल्या दिवशी काही मिळत नाही, म्हणून तोही "चला" म्हणतो. अशा दिवसासाठी थोडा भत्ता ठेवा. जीव वाचवणारा याहून स्वस्त खर्च नाही.

३. बर्फ जास्त न्या. भरतीची वाट पाहत बाहेर थांबावं लागलं तर माल टिकला पाहिजे. माल खराब होईल ही भीतीच माणसाला चुकीच्या वेळी आत घुसवते.

४. दुसरं बंदर ठरवून ठेवा. वादळात आसऱ्यासाठी नौका जयगड, देवगडकडे धावतात. तिथवर जाण्याइतकं इंधन राखीव ठेवा. लाईफ जॅकेट अंगावर हवं, फळीखाली नाही.

या वेळचा होमवर्क

होडीचं कोटेशन मागवण्याआधी १५ दिवस रोज खाडीच्या मुखाशी जा. अमावस्या ते पौर्णिमा, एक पूर्ण फेरा. वहीत चार रकाने आखा: भरतीची वेळ, लाट कशी होती, किती होड्या गेल्या, किती थांबल्या. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज रोज बघा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. तिथल्या जुन्या तांडेलकाकांना एवढंच विचारा, "काका, आज तुम्ही का नाही गेलात?" गेलेल्यांपेक्षा थांबलेल्यांकडून जास्त शिकायला मिळेल.

वही भरली की बँकेत जा. मग सबसिडीचं बोलू.