विश्लेषण : जोडी जुळली; पण मुलाला प्राणी कळला का?

तीन वर्षांचे मूल फोनवरचा पालथा पत्ता उलटते. झेब्रा! दुसरा उलटते, तर तिथेही झेब्रा. टाळ्या वाजतात, तारे चमकतात आणि आजी कौतुकाने म्हणते, ‘बघा, आत्तापासून सगळे प्राणी ओळखतो!’ हे कौतुक जरा घाईचे आहे.

खेळ नेमके काय शिकवतो?

दोन सारखी चित्रे जुळवायला प्राण्याचे नाव माहीत असावे लागत नाही. पत्त्यावर झेब्र्याऐवजी साडीची नक्षी असती, तरी मुलाने जोडी लावलीच असती. कोणता पत्ता कुठे होता हे ध्यानात ठेवणे आणि बारकाईने पाहणे, इथे कस लागतो तो याचा. ही कौशल्ये मोलाचीच. पण तेवढ्याने प्राण्याची ओळख होत नाही. शिवाय पत्त्यावर मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे दिसतात. तो फरक कुणीतरी सांगावाच लागतो.

मग शिकवते कोण?

अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 ते 18 महिन्यांच्या बाळांना महिनाभर शब्द शिकवणारी डीव्हीडी दाखवण्यात आली. ती न पाहिलेल्या बाळांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वाधिक शब्द शिकली ती, ज्यांच्या आईवडिलांनी रोजच्या व्यवहारात ते शिकवले. ॲप बोटाला प्रतिसाद देते, डीव्हीडी देत नव्हती, हा फरक आहेच. आणि तीन वर्षांचे मूल म्हणजे तान्हे बाळ नव्हे. तरीही जोडी लागल्यावर ‘हा कोण? कसा ओरडतो? आपण कुठे पाहिला होता?’ हे विचारणारा माणूस शेजारी हवा. स्वयंपाक उरकेपर्यंत मुलाच्या हाती फोन दिला, तर तो विरंगुळा झाला. त्यात गैर काही नाही, फक्त त्याला अभ्यास म्हणू नये.

ॲप कसे निवडावे?

सारख्याला सारखे जुळवण्यापेक्षा नाते जुळवायला लावणारे ॲप केव्हाही सरस. गायीला वासरू, म्हशीला रेडकू, शेळीला करडू, मेंढीला कोकरू, घोडीला शिंगरू; मुंगीला वारूळ, मधमाशीला पोळे. मराठीत यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. ‘बेबी काऊ, बेबी गोट’ म्हणून मोकळे होणाऱ्या ॲपमध्ये हे शब्द मुलाच्या कानावरच पडत नाहीत. पेंग्विन आणि कांगारू पाठ असलेल्या मुलाला महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ठाऊक नसतो, याचे आश्चर्य कशाला? ॲपमध्ये मराठी आवाज नसेल, तर फोनचा आवाज बंद करून नावे घरच्यांनीच सांगावीत.

मोफत ॲपमध्ये मुख्य त्रास जाहिरातींचा. इंटरनेट बंद करून खेळ चालतो का, हे आधी पाहावे. चालला तर बहुतेक जाहिराती आपोआप टळतात. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करण्याची, तर आयफोनमध्ये ‘गाइडेड ॲक्सेस’ची सोय असते. ती चालू केली की मूल त्या खेळातून भलतीकडे जात नाही.

वेळ किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये. दोन ते चार वर्षे वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणेही जवळपास हेच आहे. या तासात कार्टून आणि आजोबांच्या फोनवरचे व्हिडीओही धरायचे, हे घरोघरी विसरले जाते.

फोनशिवाय जमेल का?

सहज जमेल. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणलेल्या ‘जादुई पिटाऱ्या’तही खेळणी, कोडी आणि चित्रपत्ते आहेत. घरी करायचे तर दारात येणारी मांजर, गल्लीतला कुत्रा, खिडकीतला कावळा, गावच्या गोठ्यातली म्हैस यांचे फोटो काढून प्रत्येकी दोन प्रती छापाव्यात आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात. सुरुवातीला चार जोड्या पुरतात. त्या पटापट लागू लागल्या की आठ कराव्यात.